घरी सगळं येतं, मग वर्गात का नाही?

“घरी विचारा, पटापट सांगते. शाळेत पेपर हातात आला की पाटी कोरी.” थंडीचे दिवस सुरू झाले की हे गाऱ्हाणं माझ्याकडे हमखास येतं. चाचण्या होऊन गेलेल्या असतात, शिक्षक-पालक भेट नुकतीच झालेली असते, हिवाळी सुट्टी तोंडावर असते आणि त्या सुट्टीत मागे पडलेलं सगळं भरून काढायचा बेत घरोघरी शिजत असतो. अशाच एका आईची आणि तिच्या तिसरीतल्या लेकीची ही हकिकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वजाबाकी मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

आई आली ती शाळेचं हिवाळी पत्रक हातात घेऊनच. दोन पानी. पहिल्या पानावर नेहमीच्या सूचना होत्या: स्वेटर-टोपीवर नाव घाला, ताप असेल तर मुलाला घरीच ठेवा, सुट्टीच्या तारखा. दुसऱ्या पानावर घरी मुलांच्या शिक्षणाला हातभार कसा लावावा याबद्दल चार गोष्टी. रोज २० मिनिटं वाचन, बेरीज-वजाबाकीचा सराव, वेळेवर झोप, सुट्टीतल्या गमती वहीत लिहिणं. आईनं प्रत्येक ओळीखाली रेघ ओढली होती आणि पत्रकाच्या कोऱ्या भागावर वेळापत्रक आखलं होतं, संध्याकाळी साडेसहा ते नऊ. वाचनाची २० मिनिटं तिथे ४० झाली होती. “ती मागे आहे ना, म्हणून दुप्पट,” त्या म्हणाल्या.

पत्रकात खरं तर चुकीचं काहीच नव्हतं. पण अशा सूचना सरसकट सगळ्या घरांसाठी लिहिलेल्या असतात, आणि ज्यांना त्यांची सगळ्यात कमी गरज असते ते पालकच त्या सगळ्यात मनावर घेतात, असा माझा अनुभव आहे.

वेळापत्रक सुरू झाल्यापासून सात वाजले की मुलीचं पोट दुखायचं. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, पोटात काही दोष नव्हता. सुट्टीच्या दिवशी सकाळी दुखत नसे. मग रडणं, खोडून खोडून फाटलेली पानं आणि शेवटी आईचा चढलेला आवाज. एवढं होऊनही गृहपाठाची वही अशी की पानोपानी बरोबरच्या खुणा. चाचणीत मात्र दहापैकी तीन. आईचे अंदाज दोन होते: एक तर वर्गात लक्ष नसतं, नाहीतर पेपर बघून घाबरते. दोन्ही शक्य होतं. मी त्यांना म्हटलं, “घरी जशा बसता तशाच इथे बसा आणि एक गणित करून दाखवा.”

५२ वजा २७.

मुलीनं आकडे एकाखाली एक नीट मांडले. पेन्सिल एककाच्या घरावर आली.

“दोनातून सात जातात का गं?” आईनं विचारलं.

“नाही.”

“मग?”

“दशकाकडून घ्यायचा.”

“शाब्बास. मग पाचाचे राहिले किती?”

“चार.”

“आणि इथे झाले?”

“बारा.”

उत्तर आलं २५. आईनं माझ्याकडे पाहिलं. बघा, येतं ना? असा तो चेहरा.

मी तेवढा वेळ मुलीचे डोळे बघत होते. पेन्सिल वहीवर होती आणि नजर आईच्या तोंडाकडे. ‘बारा’ म्हणायच्या आधी ती ‘अक’ एवढं पुटपुटली होती. आईची भुवई जराशी हलली आणि शब्द ओठांतच बदलला. आईला त्याचा पत्ताही नव्हता. तिनं मुद्दाम काही सुचवलं नव्हतं.

मग मी आईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि मुलीपुढे दुसरं गणित ठेवलं, ७४ वजा ४६. तिनं न अडखळता उत्तर लिहिलं, ३२. “कसं केलंस, सांगशील?” “सहातून चार गेले दोन, सातातून चार गेले तीन.” वर कोण आणि खाली कोण हे बघायचंच नाही, मोठ्यातून लहान काढायचा. आणखी काही गणितं दिली, ती सगळी अगदी याच रीतीनं चुकली. लहान मुलांना शिकवणाऱ्या कुणालाही ही चूक ओळखीची आहे. हा निष्काळजीपणा नव्हे. मुलीनं स्वतः बांधलेला तो एक नियम आहे आणि ती तो इमानानं पाळते आहे. लक्ष नसलेलं मूल इतकं शिस्तीत चुकत नाही.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर समोर होतं. हातच्याची कृती मुलीला पाठ होती. हातचा घ्यायचा की नाही, हे ठरवणं मात्र तिच्याकडे कधी आलंच नव्हतं, कारण ‘दोनातून सात जातात का’ हा प्रश्न रोज आईच विचारत होती. या गणितातली खरी अवघड जागा तेवढीच आहे, बाकीचं हातकाम. चाचणीच्या वेळी तो प्रश्न विचारणारं शेजारी कुणी नसतं, म्हणून मूल आपल्या जुन्या नियमावर येतं. घरी ‘येत’ होतं ते दोघींना मिळून येत होतं.

यात आणखी एक फसगत असते. नुकतंच घोटून घेतलेलं येतंय असं वाटतं, मुलांना आणि मोठ्यांनाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपण घरी रात्री नऊला जे तपासतो ती पाच मिनिटांनंतरची परीक्षा असते. शाळेची चाचणी आठवड्यानंतरची.

बोलता बोलता आई म्हणाल्या, “खरं सांगू, मला स्वतःला गणिताची भयंकर धास्ती होती. तिचं तसं होऊ नये म्हणूनच तर इतकी बसते.” हे मला महत्त्वाचं वाटलं. एरिन मॅलोनी, सीअन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पहिली-दुसरीतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. ज्या पालकांना गणिताची भीती होती आणि जे वरचेवर गृहपाठात मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि वर्षाच्या शेवटी त्या मुलांची स्वतःची गणिताची भीतीही वाढलेली होती. तितकीच भीती असलेले जे पालक फारशी मदत करत नव्हते, त्यांच्या मुलांत असा परिणाम दिसला नाही. हे ऐकून आईंचा चेहरा पडला. मी लगेच सांगितलं की याचा अर्थ मुलीला वाऱ्यावर सोडा असा नाही. मदत कोणती, हा प्रश्न आहे.

त्यांची जागा आधी बदलली. वहीसमोर बसायचं नाही, त्याच खोलीत बाजूला, आपलं काहीतरी काम घेऊन बसायचं. मूल अडलं आणि त्यानं विचारलं तर पुढची पायरी सुचवणारा प्रश्न करायचा नाही. ‘इथपर्यंत काय केलंस ते मला सांग’ एवढंच म्हणायचं आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणं फार जड जातं, शिकलेल्या पालकांना तर जास्तच. सांगता सांगता मुलाला स्वतःलाच चूक सापडते असं पुष्कळदा होतं. नाही सापडली, तर उत्तराचा ताळा करायला लावायचा: आलेलं उत्तर आणि वजा केलेली संख्या यांची बेरीज वरच्या संख्येइतकी येते का? ३२ आणि ४६ मिळून ७८ होतात, ७४ नाही. मग आईनं ‘चुकलं’ म्हणायची गरजच उरत नाही.

वेळ ३० मिनिटं ठरवली. अमेरिकेत गृहपाठासाठी इयत्तेमागे १० मिनिटं असा एक ठोकताळा वापरतात, तिसरीला तो बरा बसतो. ३० मिनिटं झाली की गणित अर्धं असलं तरी वही बंद.

इथे आई अडल्या. “म्हणजे चुकलेलं, अर्धवट तसंच शाळेत पाठवू? बाई काय म्हणतील?”

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे होतं. गृहपाठाची वही शिक्षकाला मुलाचं डोकं कुठे अडलंय ते दाखवते. आपण ती घरी सुधारून, खोडून, लख्ख करून पाठवतो, आणि मग शिक्षकाला वाटतं की वजाबाकी झाली, चला पुढे. या मुलीच्या बाईंना नेमकं तेच वाटत होतं. चाचणीतले तीन गुण त्यांनाही कोड्यात टाकत होते. म्हणून आईंनी पानाच्या खाली एक ओळ लिहायची असं ठरलं: ‘ही गणितं तिनं एकटीनं सोडवली आहेत, ३० मिनिटांनी थांबवलं.’ पहिलं असं पान पाठवताना आपल्याला किती लाज वाटली हे त्यांनी नंतर सांगितलं. बाईंचा निरोप दुसऱ्याच दिवशी आला, की बरं झालं, आता कळलं काय होतंय.

पुढच्या भेटीत मी काड्या ठेवल्या होत्या, दहा-दहांच्या जुड्या रबर लावून आणि काही सुट्या. मुलीनं ७४ मांडले: सात जुड्या, चार काड्या. “यातल्या ४६ मला दे.” तिनं चार जुड्या माझ्याकडे सरकवल्या. मग चार सुट्या काड्या दिल्या आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आम्ही दोघी गप्प. आईनं हाताची बोटं एकमेकांत गुंतवून घट्ट धरली होती. बऱ्याच वेळानं मुलगी म्हणाली, “एक रबर काढावं लागणार.” काढलं, दोन काड्या दिल्या, उरलेल्या मोजल्या. दोन जुड्या, आठ काड्या. मग तिनं आपणहून जुन्या पानावरचं ३२ शोधून काढलं आणि त्याच्याकडे तिरस्कारानं बघितलं.

वाचनाबद्दल थोडक्यात. ४० मिनिटांची परत २० झाली. अडलेला शब्द आईनं लगेच सांगून टाकायचा नाही, चार-पाच सेकंद थांबायचं. तरी नाही आला तर सांगून पुढे जायचं, त्यावर प्रवचन नको. काही दिवस आईनंच वाचून दाखवायचं आणि मुलीनं नुसतं ऐकायचं, तेही वाचनातच धरायचं. झोपेचा मुद्दा पत्रकातही होता, पण वेळापत्रकानं त्याचाच बळी घेतला होता. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ९ ते १२ तास झोप सुचवली आहे. नऊला वही मिटून रडून झोपणारं आणि थंडीत अंधारात उठवलं जाणारं मूल तिथवर पोचत नाही.

आणि सुट्टी? “या दिवसांत सगळं भरून काढू” हा बेत मी सोडायला लावला. एका बैठकीत दोन तास घोकण्यापेक्षा तेच काम विखरून केलेलं जास्त टिकतं. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून हे नोंदवलं होतं आणि ते आजही खरं ठरतं. म्हणून एक दिवसाआड तीन-चार गणितं, काड्या हाताशी. बाकी फाशांचे खेळ, निघायला किती मिनिटं उरलीत ते तिनं सांगणं, असं चालता चालता. सुट्टीची वही तिनं हवी तशी लिहायची, ऱ्हस्व-दीर्घाची चूक कुणी काढायची नाही. आईंना ही शेवटची अट सगळ्यात अवघड गेली म्हणे.

प्रत्येक मुलाचं असंच असेल असं मात्र नाही. काड्या-जुड्या घेऊन कित्येक आठवडे काम करूनही दोन संख्यांतली मोठी कोणती याचाच गोंधळ राहिला, वाचताना ओळी सुटत राहिल्या, ऐकलेली सूचना सारखी हरवत राहिली, तर डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि शिक्षकांशी बोलून अध्ययन-अक्षमतेची रीतसर चाचणी करावी. तिथे जागा बदलून आणि वेळ कमी करून भागत नाही.

सुट्टीनंतर बाईंनी अशीच अडणारी आणखी काही मुलं वर्गात एकत्र बसवली आणि जुड्यांवर काम सुरू केलं. मुलीची दोन अंकी वजाबाकी आता बहुतेक बरोबर येते. वाचन अजून संथ आहे. पोटदुखी रोजची राहिलेली नाही, चाचणीच्या आदल्या संध्याकाळी येते. आई अधूनमधून “जातात का गं” म्हणून जातातच. परवा मुलीनं त्यांना वहीवरून डोळे न उचलता “मी बघतेय” असं सुनावलं. सध्या गाडी तीन अंकी वजाबाकीवर आहे, आणि ४०२ वजा १७८ सारखं मधे शून्य आलं की ती अडते. दशकाच्या घरात काहीच नाही, मग रबर कुठल्या जुडीचं काढायचं? आईंनी फोन करून विचारलं, हे घरी समजावू का. मी म्हटलं, नको, अडलेलं पान तसंच बाईंकडे जाऊ दे.