घर गार-गरम करायची नवीन सिस्टीम घेण्याआधी हे बघ
अरे, मशीन शोधायची घाई नको. आधी खिडक्या-दारांच्या फटी, छताचं इन्सुलेशन आणि डक्टचे (खोल्यांत हवा नेणाऱ्या नळांचे) सांधे तपास, कारण गार-गरम केलेली हवा बाहेरच जात असेल तर कितीही भारी मशीन आणलंस तरी बिल फारसं उतरणार नाही.

मग साइज. नवीन लोक हमखास इथेच चुकतात, मोठं घेऊ म्हणजे बरं असं वाटतं, पण गरजेपेक्षा मोठं मशीन सारखं चालू-बंद होतं, वीज खातं आणि दमटपणाही नीट काढत नाही.

- हीट लोड (घर गार-गरम ठेवायला किती क्षमता लागते ते) मोजूनच घे, नुसत्या चौरस फुटांवर साइज सांगणारा टाळ
- हीटिंग पण हवं असेल तर हीट पंप बघच! तो बाहेरची उष्णता आत आणतो, म्हणून 1 युनिट विजेत साधारण 3 युनिट उष्णता मिळते, कडक थंडीत कमी

झोनिंग (घराच्या वेगवेगळ्या भागांचं तापमान वेगळं ठेवणं) वगैरे नंतर बोलू, तू आधी फटी बुजव.