बेल्जियममध्ये मोटारींचा त्रास नसलेल्या वाटांवरून, पहिल्या महायुद्धाची स्मारकं बघत सायकलने फिरता येतं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की दोघंही पन्नाशीच्या पुढचे, रोज चाळीसेक किलोमीटर झेपतात, हातात चार दिवस आहेत आणि लेक ब्रसेल्सला राहते. मग विचार कसला करताय, जा. मी आणि बायको दोनदा जाऊन आलो, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा ऑक्टोबरच्या शेवटी. ऑक्टोबर ही चूक होती, तिच्याकडे नंतर येतो.

तुम्हाला हवा तो भाग म्हणजे पश्चिम फ्लांडर्स. उत्तरेला समुद्राकाठचं नीउपोर्ट, दक्षिणेला ईपर, मधे डिक्समाउडे. सगळी वाट मोटारविरहित मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. जुन्या रेल्वेमार्गांवर केलेले सायकलमार्ग आहेत, कालव्याच्या काठाने वाटा आहेत, आणि यांना जोडणारे शेतांमधले अरुंद काँक्रीटचे रस्ते आहेत. त्या रस्त्यांवर तासाभरात दोन ट्रॅक्टर आणि एखादी पोस्टाची गाडी. आमच्या हिशेबाने याला रहदारी म्हणत नाहीत.

वाट शोधायला नकाशासुद्धा फारसा लागत नाही. दर दोन-चार किलोमीटरवर, जिथे वाटा मिळतात तिथे खांबावर एक आकडा असतो. त्याला क्नोपपुंट म्हणतात. सकाळी बसायचं, आज कुठले आकडे घ्यायचे ते कागदावर लिहायचं, कागद हँडलला चिकटवायचा आणि बाणांमागून जायचं. बेल्जियमच्याच लिंबुर्ग प्रांतात १९९५ साली ही पद्धत सुरू झाली. एका खाण अभियंत्याच्या डोक्यातून निघालेली कल्पना. जमिनीखालच्या बोगद्यांमध्ये माणसं वाट चुकू नयेत म्हणून जे करतात तेच त्याने जमिनीवर केलं. माझ्यासारखा पुण्यातही चुकणारा माणूस तिथे चार दिवसांत एकदाच चुकला, तोही बिअरनंतर.

पहिला दिवस डिक्समाउडेपासून सुरू करा. तिथे थेट रेल्वे जाते. सायकल बरोबर असेल तर तिचं वेगळं तिकीट काढावं लागतं. आयझर नदीच्या काठाने नीउपोर्टला जायचं आणि परतताना फ्रंटझाटे नावाच्या मार्गाने यायचं, सगळं मिळून पस्तीस-चाळीस किलोमीटर. डिक्समाउडे सोडलं की लगेच काठावरच डोडेनगांग लागतो, म्हणजे 'मृत्यूचा खंदक'. बेल्जियन सैनिक इथे जर्मनांपासून काही पावलांवर चार वर्षं बसले होते. खंदकाच्या भिंती रेतीच्या पोत्यांच्या दिसतात, पण हात लावला की कळतं, ती पोती आता सिमेंटची आहेत. अर्धा तास पुरतो.

खरी गोष्ट पुढे आहे. नीउपोर्टला 'गान्झेपोट', म्हणजे हंसाचा पाय, नावाची जागा आहे. तिथे सहा कालवे-नद्या पंजाच्या बोटांसारख्या एकत्र येतात आणि दारांमधून समुद्राला मिळतात. ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमचं सैन्य मागे रेटत रेटत देशाच्या शेवटच्या कोपऱ्यात आलं होतं. तेव्हा त्यांनी रेल्वेच्या भरावाखालच्या मोऱ्या बुजवल्या आणि भरतीच्या वेळी दारं उघडून समुद्र आत घेतला. ओहोटी लागली की दारं बंद. असं रात्री-रात्री करत नदी आणि रेल्वेचा भराव यांच्यामधली सगळी शेतं पाण्याखाली घातली. ही दारं उघडणाऱ्यांत हेंड्रिक खेरार्ट नावाचा एक साधा नावाडी होता. पुढे बेल्जियमच्या १००० फ्रँकच्या नोटेवर त्याचं चित्र आलं.

मी हे सगळं फलकावर वाचून बायकोला समजावून सांगत होतो. ती पेणची. तिने एका वाक्यात विषय संपवला: "अहो, ही तर आपली उघाडी, उलटी चालवलेली." खारजमिनीच्या बांधाला जी उघाडी असते ती ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला बंद होते, म्हणून भात पिकतं. इथे त्यांनी स्वतःच्या हाताने खारं पाणी शेतात घेतलं. तिचे आजोबा बांध फुटला की रात्री कंदील घेऊन धावत, त्यामुळे तिला ते फार लागलं. मग बराच वेळ ती त्या दारांपाशी उभी राहिली, आणि मीही गप्प बसलो, जे सहसा होत नाही.

परतीची वाट, फ्रंटझाटे, म्हणजे तोच रेल्वेचा भराव. रूळ कधीच काढलेत, वर सायकलमार्ग केलाय. दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा तो मीटर-दीड मीटरच उंच असेल. तेवढ्या उंचीवर एका देशाचं सैन्य चार वर्षं टिकून होतं, कारण बाकी सगळीकडे पाणी. वाटेत रामस्कापेलेला जुन्या स्टेशनाचे अवशेष आहेत, भरावाला चिकटून काँक्रीटचे बंकर आहेत, गाई त्यांच्या सावलीला बसतात. परवेझे गावात एल्सी नॉकर आणि मेरी चिशोम या दोन ब्रिटिश बायकांनी एका घराच्या तळघरात, आघाडीच्या इतक्या जवळ, जखमींसाठी प्रथमोपचाराचं ठाणं चालवलं होतं. या पट्ट्यात एकही मोटार भेटणार नाही. वारा मात्र भेटेल, आणि आडोसा म्हणून एक झाड नाही. ई-सायकल भाड्याने घ्या, लाजू नका. तिथले सत्तरीचे आजोबाही तीच चालवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी फ्लाड्स्लोला जाऊन या, आठेक किलोमीटर. जर्मन दफनभूमी आहे. शिल्पकार केटे कोल्विट्झचा अठरा वर्षांचा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये इथल्या लढाईत गेला. तिने आई-बाप दोघांची शिल्पं केली, ती पुरी व्हायला १९३२ उजाडलं. बाप गुडघ्यांवर ताठ, हात स्वतःभोवती आवळलेले. आई पुढे वाकलेली. तिथे आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय फक्त एक माळी होता.

तिथून ईपर. आधी आयझर, मग ईपरला जाणारा कालवा, सगळी वाट पाण्याच्या काठाने. ईपरच्या अलीकडे कालव्याला लागूनच एसेक्स फार्म आहे. जॉन मक्रे या कॅनेडियन डॉक्टरने मे १९१५ मध्ये पॉपीच्या फुलांची ती प्रसिद्ध कविता लिहिली, ती इथे. जखमींना ठेवायच्या काँक्रीटच्या खोल्या अजून आहेत.

तिसरा दिवस टेकडीचा. टेकडी म्हणजे काय, पर्वतीच्या निम्मीही नाही. ईपर, लांगेमार्क, सिंट युलियान, पासेंडाले, टाइन कॉट, झोनेबेके आणि परत ईपर, असा चाळीसेक किलोमीटरचा फेरा होतो. लांगेमार्कच्या दफनभूमीत ४४,००० हून जास्त जर्मन सैनिक आहेत, त्यांतले सुमारे २५,००० एकाच सामायिक खड्ड्यात, आणि तो खड्डा एखाद्या मोठ्या हॉलएवढा. मोटारीने आलेले लोक तिथे फोटो काढतात आणि बसमध्ये बसतात. सायकलवर मात्र तुम्हाला पुढचा चढ कळतो. सिंट युलियान सोडल्यावर रस्ता सपाट वाटतो, डोळ्यांना सपाटच दिसतो, पण गिअर आपोआप खाली येतो आणि मांड्या बोलू लागतात. त्या चढासाठी १९१७ मध्ये ३१ जुलै ते १० नोव्हेंबर माणसं मरत होती. वर टाइन कॉटच्या ब्रिटिश दफनभूमीत मधल्या क्रूसाच्या पायऱ्यांवर चढून मागे वळून बघा. हवा स्वच्छ असेल तर ईपरचे मनोरे दिसतात. क्रूसाचा चौथराही जर्मनांच्या बंकरवरच बांधलाय. वर बसलेल्याला खाली हलणारं काय काय दिसत असेल, हे मला कुठल्याही नकाशावरून कळलं नव्हतं. पायांना कळलं.

टाइन कॉटला जवळजवळ १२,००० थडगी आहेत, आणि ८,००० हून जास्त थडग्यांवर नाव नाही. मागच्या भिंतीवर आणखी सुमारे ३५,००० नावं, ज्यांचं थडगं सापडलं नाही अशांची. ही नावं खरं तर ईपरच्या मेनिन गेट या स्मारक-दरवाजावर जायची होती, पण गेटवर ५४,००० हून जास्त नावं कोरल्यावर जागाच संपली. झोनेबेकेहून ईपरकडे जुन्या रोसेलारे रेल्वेमार्गाचा सायकलमार्ग घ्या. उतार आहे, पाय विश्रांती घेतील.

संध्याकाळी आठला मेनिन गेटखाली बिगुल वाजतो. १९२८ मध्ये सुरू झाला, १९२९ पासून रोज, जर्मनांनी गाव घेतलं होतं तो दुसऱ्या महायुद्धाचा काळ सोडून. वाजवणारे स्थानिक अग्निशमन दलातले लोक. साडेसातला पोहोचा, नाहीतर पाठी बघाव्या लागतात. टाळ्या वाजवायच्या नसतात. त्या गेटवर चारशेच्या आसपास भारतीय सैनिकांची नावं आहेत. मी खडकीत वाढलो. आमच्या गच्चीवरून सॅपर्सच्या, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाच्या, सेंटरचा बिगुल ऐकू यायचा. तो सूर परक्या देशात, आणि तोही मागे नावांची भिंत असताना ऐकला, तेव्हा जरा कठीण गेलं.

म्हणूनच चौथा दिवस नव शापेलला द्या, असं माझं मत. बायकोचं मत उलटं आहे: तिच्या मते चौथ्या दिवशी पोपेरिंगेच्या हॉप्सच्या शेतांतून फिरावं, टॅल्बट हाउस या सैनिकांच्या जुन्या विश्रांतिगृहाच्या बागेत बसून चहा घ्यावा आणि घरी यावं. तुम्ही ठरवा. नव शापेल सीमेपलीकडे फ्रान्समध्ये आहे, ईपरहून पस्तीस-चाळीस किलोमीटर एका बाजूने. थोडा भाग लीस नदीच्या काठाने निघतो, पण शेवटचा तुकडा मोठ्या रस्त्याचा आहे, मोटारी जोरात जातात. तिथेच चौकात भारतीय स्मारक आहे. लटियन्सबरोबर नवी दिल्ली उभारणाऱ्या हर्बर्ट बेकरने ते बांधलं, १९२७ मध्ये खुलं झालं. सांचीसारखा दगडी कठडा, वर कमळ असलेला खांब, दोन वाघ, आणि भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं.

२८ ऑक्टोबर १९१४ ला या गावावर जो हल्ला झाला, त्यात ४७ वी शीख पलटण होती आणि तिच्या सोबतीला सॅपर्स-मायनर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या. या दोन्ही कंपन्या खडकीच्या. खंदक खणायला, पूल बांधायला शिकवलेली माणसं संगिनी लावून गल्ल्यांमधून लढली आणि त्यांतली अनेक तिथेच राहिली. शाळेत असताना मी सॅपर्सच्या मैदानाच्या कुंपणाजवळून रोज जात होतो, नव शापेल हे नाव कधी ऐकलं नव्हतं. भिंतीवर सॅपर्सची यादी शोधायला वीस मिनिटं लागली. नावं इंग्रजी अक्षरांत आहेत, हळू वाचावी लागतात.

आता ऑक्टोबर. त्या दिवसांत बीट आणि बटाटे काढतात, आणि ट्रॅक्टरच्या चाकांमधला चिखल त्या सुंदर काँक्रीटच्या रस्त्यांवर पसरतो. वर पाऊस. लांगेमार्कच्या पुढे बायकोची सायकल घसरली, गुडघा सोलवटला, आणि जिथून सायकली भाड्याने घेतल्या होत्या तिथल्या माणसाने फोनवर फक्त "हो, ऑक्टोबर आहे" एवढंच सांगितलं. एप्रिलचा शेवट ते जून उत्तम.

अजून दोन गोष्टी. सोमवारी-मंगळवारी गावातले बरेच कॅफे बंद असतात, म्हणून डबा बरोबर ठेवा. आम्ही थालीपीठं नेली होती. आणि नांगरलेल्या शेताच्या कडेला किंवा विजेच्या खांबाच्या पायथ्याशी गंजलेली लोखंडी नळी दिसली तर हात लावू नका, फोटोसाठी जवळही जाऊ नका. ते शंभर वर्षांपूर्वीचे न फुटलेले तोफगोळे असतात. शेतकरी ते बाजूला काढून ठेवतात आणि लष्कराची गाडी येऊन घेऊन जाते. आम्हाला चार दिवसांत दोन दिसले.