लाइम झालेल्याला दोन-तीन अँटिबायोटिक एकत्र द्यावीत का?

तुमचा भाऊ अमेरिकेतल्या कनेक्टिकटहून कोल्हापूरला आला, तिकडे गोचीड चावून लाइम हा बॅक्टेरियाचा आजार झालेला, डॉक्सीसायक्लिनचा १० दिवसांचा कोर्स संपला, तरी ताप, घाम, थकवा आहेच. म्हणून अझिथ्रोमायसिन आणि रिफॅम्पिसिन जोडावं का, असं तुम्ही विचारलंय. मी इथे फिजिशियन आहे. कळकळीनं सांगतो, आधी रक्ताची स्लाइड (सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची तपासणी) करा, औषधाचं नंतर बघू.

तिकडची एकच गोचीड एका चाव्यात दोन-तीन जंतू सोडू शकते. लाइमचा बोरेलिया आणि दुसरा अ‍ॅनाप्लाझ्मा, या दोन्ही बॅक्टेरियांवर डॉक्सी चालतं. तिसरा बबेसिया मात्र बॅक्टेरिया नाहीच. मलेरियासारखा तांबड्या पेशीत शिरणारा परजीवी आहे तो, डॉक्सीनं जात नाही. त्याला अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन ही जोडी लागते, साधारण ७ ते १० दिवस. आणि रिफॅम्पिसिन अ‍ॅटोव्हाक्वोनची रक्तातली पातळी निम्म्यावर आणतं! म्हणजे जोडायला गेलात ते मोडायला.

लॅबमध्ये ‘अमेरिकेहून आलाय, बबेसिया बघा’ असं स्पष्ट सांगा. पेशीतली ती बारीक अंगठी हुबेहूब मलेरियासारखी दिसते, आणि आपल्याकडे नजर मलेरियाला सरावलेली. चार कण फुलीसारखे जुळलेले दिसले तर बबेसियाच. सोबत सीबीसी करा, हिमोग्लोबिन उतरलं असेल तर संशय बळावतो. इथे आल्यावर तो आजरा-चंदगडच्या रानात फिरला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, रानातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस आणि गोचिडीमुळे होणारा दोडामार्गाकडचा माकडताप डोक्यात ठेवावा लागतो.

डॉक्सी त्यानं दुधासोबत घेतलं का, हे विचाराच. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिताना गोळी घेणारे पेशंट मी पाहिलेत. दुधातलं कॅल्शियम औषध बांधून ठेवतं. अ‍ॅटोव्हाक्वोनचं उलट, ते तेलातुपाच्या जेवणासोबतच नीट अंगात उतरतं.

स्लाइड निगेटिव्ह आली आणि नुसता थकवा राहिला, तर महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चालवू नका. नेदरलँड्समध्ये २८० रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीच्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोननंतर १२ आठवडे डॉक्सी किंवा क्लॅरिथ्रोमायसिन-हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं, खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा झाला नाही.

त्याची प्लीहा पूर्वी काढलेली असेल, किंवा लघवी काळपट होत असेल, तर रिपोर्टची वाट बघू नका, आजच अ‍ॅडमिट करा.