काट्याशेजारी पट्टी ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली मासळी आंबा घाटातून सांगलीला आणून विकायचं म्हणतोस, तर वजनकाट्याबरोबर स्टीलची एक लांब पट्टीही घे. २०२३ साली राज्य सरकारने ५४ प्रजातींची किमान लांबी ठरवली: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याहून बारका मासा बहुधा एकदाही अंडी न घालता जाळ्यात आलेला असतो.

घोळ होतो तो मोजताना. मासा आडवा ठेव, तोंड मिट, पट्टी त्याच्या खाली सरकव. अंगावरून टेप धरलास तर पोटाच्या फुगवट्याने लांबी फुकट वाढते. शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी वेगळी, तिच्या खाचेपर्यंतची वेगळी. खेकड्याची तर पाठीची रुंदी धरतात. त्या जातीला कोणतं माप लावायचं ते आधी बघ. आणि खोक्यात वर मोठे मासे रचलेले असतातच, म्हणून तळातले दहा काढून मोज.

बारकं येतं ते बहुतेक ट्रॉलच्या, म्हणजे नौकेमागे ओढायच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीतून. तिथे ४० मिलिमीटरची चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, हवी. शंकरपाळ्याच्या आकाराची आस ओढ बसली की मिटते. चौकोनी उघडी राहते आणि पिल्लं निसटतात.

आता तारखा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही किनारे बंद. तेव्हा कोणी 'आजचीच सुरमई' म्हणून खोकी दाखवली, तर ती शीतगृहातली किंवा चोरीची समज. वल्ह्या-शिडाच्या होड्यांना मुभा आहे, पण पावसाळी दर्यात त्या किती आणणार? १५ जूननंतर पूर्वेचा माल सुरू होतो. तो आंध्राचा, तमिळनाडूचा म्हणूनच वीक. आखाडाची मागणी नेमकी बंदीत येते, म्हणून उजनीच्या रोहू-कटल्याची बोलणी मे महिन्यातच करून ठेव.

करवत मासा दिसला तर हातही लावू नकोस. तो वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे मोजमापाचा प्रश्नच नाही.

बारका माल सांगलीत परत करून उपयोग नाही, मासा मेलेलाच असतो आणि नौकेवाल्याच्या हातात पैसे पडलेले असतात. दलालाला आदल्या रात्रीच फोनवर साइज सांग, बारकं-मोठं मिसळलेलं खोकं घेणार नाही म्हणून बजाव, आणि बिलावर नौकेचा नोंदणी क्रमांक लिहून घे. पहिले काही दिवस तो कुरकुर करील, एखादी गाडी रिकामीही येईल.