गावासाठी आठवड्याचा हवामान अंदाज कुठे बघावा आणि त्यावर किती भरवसा ठेवावा?

कुठे बघायचा ते आधी उरकतो. मेघदूत ॲपवर आपला जिल्हा निवडा. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज दिसतो आणि दर मंगळवारी-शुक्रवारी कृषी सल्ला येतो. इशारे मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे बघा, विदर्भात असाल तर नागपूरचे. व्हॉट्सॲपवर फिरणारे 'अमुक तारखेला धो-धो' छापाचे निरोप उघडूसुद्धा नका.

भरवशाबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण यावरून आमच्या घरात अजून वाजतं.

आमची शेती लातूर भागात. ऑक्टोबरात सोयाबीन कापून रानात पडलं होतं. अंदाज होता 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मध्यम पाऊस', जिल्ह्याला यलो अलर्ट. मी थोरल्या भावाला म्हटलं, दादा, आजच गोळा करून बनीम (गंज) लावू, वर ताडपत्री टाकू. दादा म्हणाला, "तुरळक म्हणजे पडला तर पडला. थ्रेशर परवा येतंयच, उगीच मजुरी कशाला वाढवतोस?" ऊन कडक होतं, त्यामुळे सगळ्यांना त्याचंच पटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उगवतीकडून भरून आलं आणि तासाभरात रानात पाणी साचलं. पुढे दोन दिवस आभाळ उघडलं नाही. ढीग उलटे केले तर खालच्या शेंगा काळ्या पडलेल्या. बोटानं दाबली की शेंग उकलायची आणि आत दाण्याला पांढरा कोंब.

शेजारच्या गावात रस्तासुद्धा भिजला नव्हता. दादा पाहुण्यारावळ्यांना आजही तेच सांगतो, तिथं थेंब नाही, म्हणजे अंदाज खोटाच.

दादाचं हे साफ चुकीचं आहे. हवामान खात्याच्या हिशेबात 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे 26 ते 50 टक्के. चारातली तीन गावं कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच ठरतो. दुपारच्या उन्हाच्या तापानं वर चढणारा ढग काही किलोमीटरचाच असतो. तो कुणाच्या शिवारावर फुटेल हे तीन-चार दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही. 2025 साली आलेली हवामान खात्याची अंदाज काढणारी संगणक प्रणाली, भारत फोरकास्ट सिस्टीम, तीसुद्धा 6 किलोमीटरच्या चौकोनात बघते. आमचं आणि शेजारचं गाव एकाच चौकोनात बसेल.

म्हणून पाऊस येणार का, एवढंच विचारून भागत नाही. आला तर आपलं काय जाईल ते आधी बघा. माल उघड्यावर असेल तर 'तुरळक' हा शब्दसुद्धा झाकायला पुरे. अर्ध्या दिवसाची मजुरी जाईल, पण डागी मालाला व्यापारी जो भाव पाडून मागतो, त्यापुढे ती काहीच नाही. पेरणीला याच्या बरोब्बर उलट. तुरळक पावसाच्या आशेवर बी मातीत घालू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेली की मगच.

अर्थात, पाचव्या दिवसाचा अंदाज मधल्या काळात बदलतो, तेव्हा रोज सकाळी पुन्हा बघायला हवा. आणि बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाचा पाऊस असेल तर गोष्ट वेगळी. तो मोठ्या पट्ट्यात पडतो आणि त्याची चाहूल बरीच आधी लागते. 'बहुतांश ठिकाणी' असं आलं की दादाही मुकाट्यानं ताडपत्री काढतो. त्याच्याशी भांडावं लागतं ते तुरळकसाठीच.