मोगॅम्बोच्या कोटाची किंमत सांगण्यापूर्वी

1987 च्या ‘मिस्टर इंडिया’तील मोगॅम्बोसारखा जरीकामाचा कोट शिवण्याचे पहिलेच काम तुम्ही घेतले आहे, म्हणून लिहितो. एकाच दृश्यावरून कापडाचा रंग ठरवू नका. पिवळ्या दिव्याखाली काळाही तपकिरी भासतो, तेव्हा चार-पाच दृश्ये थांबवून पाहा आणि कापडाचा तुकडा कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या दुकानातून बाहेर उन्हात नेऊन ताडून घ्या. आधी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या सुती कापडाचा, कच्चा कोट शिवून गिऱ्हाइकाच्या अंगावर बसवा. पट्ट्याचे कातडे चप्पल ओळीत, म्हणजे आपल्या चपलांच्या बाजारात, विचारावे. आपल्या गावाचे ते भाग्यच.

किमतीत मात्र नवखे हमखास फसतात. माझ्या पहिल्या कोटाच्या खांद्यांवरचे जरीकाम टाचण्यात अकरा रात्री गेल्या आणि मी पैसे घेतले ते फक्त कापडाचे व शिलाईचे. समजा, साहित्य 4,200 रुपयांचे आणि काम 46 तासांचे असेल, तर तासाला 150 रुपयांप्रमाणे मजुरी 6,900 होते. बेरीज 11,100, त्यावर बिघाड आणि दुरुस्तीसाठी 15 टक्के धरल्यास 12,765 रुपये. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय, पाहुणा असला तरी, कापडाला कात्री लावू नका.