बंब थांबला की काम सुरू होतं

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा बारावी झालाय, घरचा ट्रॅक्टर आणि पिकअप सराईतपणे चालवतो आणि आता ‘अग्निशमन दलात बंबावरच जाणार’ म्हणून हटून बसलाय. तुम्ही विचारता, शेवटी ड्रायव्हरच व्हायचं तर एवढं शिकवलं कशाला?

महापालिकांच्या जाहिरातींत हे पद बहुधा ‘चालक-यंत्रचालक’ म्हणून येतं. गाडी चालवणं हा त्यातला लहान भाग. तोही सोपा नाहीच. टाकी अर्धी असली की वळणावर पाणी एका अंगाला धावतं आणि गाडीला सोबत ओढतं. सायरन वाजतोय म्हणजे रस्ता मोकळा मिळेल, असं धरून चालता येत नाही. वाटेत अपघात झाला तर आगीपर्यंत कुणीच पोचत नाही.

खरी जबाबदारी पुढे आहे. हँडब्रेक ओढायचा, चाकाखाली ठोकळा लावायचा, पीटीओ नावाची जोडणी टाकून इंजिनाची ताकद पंपाला द्यायची आणि पंपाच्या पॅनलसमोर उभं राहायचं. बाकीचे जवान होज, म्हणजे पाण्याचा लवचीक पाइप, घेऊन आत जातात, हा मात्र पंप सोडून हलू शकत नाही. टाकीत ४,५०० लिटर पाणी आहे आणि एका ब्रँचमधून (होजच्या टोकाच्या नळीतून) मिनिटाला ४५० लिटर जातंय, तर हातात दहा मिनिटं आहेत. दुसरी ब्रँच सुरू झाली की पाच. तेवढ्यात हायड्रंट (आगीसाठी ठेवलेली पाण्याची जोडणी), टँकर किंवा विहीर जोडून व्हायला हवी. जवान जिन्याने चढले की दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब कमी होतो, लांब होजमधल्या घर्षणाने आणखी. तो भरून काढायचा, पण व्हॉल्व्ह हळूच उघडायचा. होजमध्ये एकदम दाब आला तर शिडीवरच्या माणसाचा तोल जातो. आतल्या माणसाचा जीव बाहेरच्या या हातावर असतो, म्हणून मी या पदाला फार मानतो.

विहिरीवरची मोटर हवा धरते तेव्हा काय करायचं, हे तुमच्या मुलाला शेतावरच कळलं असेल. बंबाचा पंपही तसाच. सक्शनमधली, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपातली, हवा काढल्याशिवाय तो पाणी उचलत नाही, आणि सात-साडेसात मीटरपेक्षा खोल पाणी असलं तर सहसा उचलतच नाही. अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र इथे रोज लागतं, त्यामुळे शिकवलेलं वाया जाणार नाही.

धोका आहे, तो लपवत नाही. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटात ६६ अग्निशामक गेले. अग्निशमन सेवा दिन त्यांच्याच स्मरणार्थ पाळतात. रात्रीअपरात्रीची ड्युटी, सणावारी घरी नसणं हेही आलंच. त्याची तयारी आहे का, हे त्याच्याशी शांतपणे बोला.

आता तयारीचं. हलक्या वाहनाचा पक्का परवाना आधी काढू दे. त्याला एक वर्ष झालं आणि वयाची २० वर्षं पूर्ण झाली की जड वाहनाकडे वळता येतं. रंग ओळखण्यासह डोळ्यांची तपासणी आत्ताच करून घ्या. राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स बऱ्याच ठिकाणी मागतात. जड वाहनाचा अनुभव, उंची, छाती यांच्या अटी मात्र प्रत्येक महापालिकेच्या वेगळ्या. खासगी संस्थेत फी भरण्याआधी त्यांचं प्रमाणपत्र जुन्या जाहिरातींतल्या अटींत बसतं का, ते ताडून बघा. आणि त्याला जवळच्या अग्निशमन केंद्रावर परवानगी घेऊन सकाळच्या ड्रिलला पाठवा. पंप तपासतात तेव्हा जवळ उभं राहून बघू दे.